तळ्याकाठची घरगाडी



भाताची कापणी उरकली, मळणीही बहुतेकांची झाली. गवताची उडवी रचून झाली की कोकणातला शेतकरी जरा पाठ टेकतो. नेमक्या याच दिवसांत घाटावरून आणि मुंबई-पुण्याहून पाहुण्यांची रीघ सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीपासून होळीपर्यंत कुडाळ-मालवणच्या रस्त्यांवर परगावच्या गाड्यांची काही कमी नसते. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून ही वर्दळ वाढतच गेली आहे. या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खत आणि कीड यांविषयी बोलतो. आज मात्र एका नव्या पाहुण्याविषयी बोलू. कारण त्याचा संबंध थेट आपल्या पाण्याशी आहे.

हा पाहुणा म्हणजे घरगाडी. लहान बसएवढी गाडी. आत झोपायला फळ्या, बाजूला शेगडी, हात धुवायचे कुंड, आणि एका कोपऱ्यात चक्क संडास व न्हाणी. इंग्रजीत तिला कॅराव्हॅन म्हणतात. परदेशात हे वाहन फार जुने आहे, आपल्याकडे आता दिसू लागले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळनेही २०२१ सालीच असे धोरण आणले. त्यामुळे आज तुमच्या गावात अशी गाडी आली नसली, तरी उद्या येणारच नाही असे समजू नका.

गाडीतला मनुष्य थांबायला जागा कोणती शोधतो? सावली, पाणी आणि शांतता. तिन्ही एकत्र कुठे मिळतात? तळ्याकाठी. म्हणून आजचे उदाहरण वालावलचे घेतो.

वालावल हे कुडाळ तालुक्यातले, कर्ली नदीच्या काठचे गाव. नदी पुढे वाहत जाऊन देवबागजवळ समुद्राला मिळते. गावात श्री देव लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ आहे, आणि देवळाला लागूनच तळे. भोवती माड-पोफळी आणि मागे हिरवा डोंगर. दुपारी सगळीकडे ऊन रणरणत असले, तरी तळ्याकडून येणारा वारा गार लागतो. पाण्यात देवळाची सावली पडते. शहरातल्या माणसाला हे पाहून गाडी थांबवावीशी वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही. मलाही दर वेळी तिथे दहा मिनिटे बसावेसे वाटतेच.

परंतु पाहुण्याला जे दृश्य दिसते, ते गावाच्या हिशेबी तेवढेच नसते. आपल्या कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि मार्च उजाडला की विहिरी तळ दाखवतात. जांभ्या दगडातून पाणी चाळणीतून गळावे तसे निघून जाते. म्हणून जुन्या लोकांनी तळी बांधली. तळ्यात पाणी राहिले की खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर राहतो, पोफळीच्या बागा तगतात, गुरांना पाणी मिळते. देवळाशेजारी तळे ठेवण्यातही शहाणपण होते. देवाच्या डोळ्यांसमोरचे पाणी घाण करायला माणूस कचरतो.

याचा सर्वांत मोठा दाखला वालावलहून नदी ओलांडली की पलीकडे आहे. नेरूरपारच्या पुलावरून काळसे ओलांडून पुढे गेलात की धामापूरचे तळे लागते. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ते १५३० साली बांधले, आणि धामापूर व काळसे या गावांच्या लोकांनी त्यासाठी घाम गाळला. दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घातला आणि काठावर भगवतीचे देऊळ उभे राहिले. पुढे मालवण शहराला याच तळ्याचे पाणी गेले. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० साली या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. सिमेंट नाही, यंत्र नाही, तरी पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ बांध उभा आहे. असा बांध टिकतो तो केवळ मातीच्या बळावर नव्हे. प्रत्येक पिढीने त्याच्यावर लक्ष ठेवले म्हणून तो टिकला.

आता घरगाडीकडे वळू. गेल्या हंगामात त्या बाजूला फिरताना एका वाडीत अशी गाडी उभी असलेली पाहिली. पुण्याचे कुटुंब होते, माणसे सालस. घरमालक आबा माझ्या ओळखीचे. मला पाहताच म्हणाले, "सायबानू, आता घराक चाकां इली!" पाहुण्यांनी त्यांच्याकडे दोन रात्रींसाठी जागा मागितली होती आणि पैसे द्यायची तयारी होती. आबांची मर्जी होती, पण त्यांची सून पडवीत सुपारी सोलत बसली होती, तिने एकच प्रश्न केला. म्हणाली, "जागा देवक हरकत नाय, पण तेंचा पाणी जातला खंय?"

बंधूभगिनींनो, साऱ्या विषयाची किल्ली या एका प्रश्नात आहे.

घरगाडीत चांगल्या पाण्याची टाकी असते, साधारण शे-दीडशे लिटरची. ते पाणी वापरले की संपत नाही, घाण होऊन दुसऱ्या टाकीत जाते. भांडी घासलेले आणि अंघोळीचे साबणाचे पाणी एकीकडे, संडासाचे दुसरीकडे. संडासाची पेटी लहान गाडीत पंधरा-वीस लिटरची असते आणि दोन-तीन दिवसांत भरते. मग ती कुठेतरी रिकामी करावीच लागते. जागा दाखवणारे कोणी नसले की माणूस अंधार पडायची वाट पाहतो. ओहोळ, गटार किंवा तळ्याचा काठ त्याला जवळचा वाटतो.

"एवढ्या मोठ्या तळ्यात एक बादली गेली तर काय बिघडते?" असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. संडासाच्या पाण्यात, आणि पुष्कळशा धुण्याच्या पावडरींत, स्फुरद व नत्र असते. ही नावे तुम्हाला नवी नाहीत. भाताला जे खत, तेच शेवाळाला खत. शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब असा की एक किलो स्फुरद पाण्यात गेले, तर त्याच्या जोरावर पाचशे किलोपर्यंत ओले शेवाळ वाढू शकते. शेवाळ माजले की पाणी हिरवे होते. ते मेले की तळाशी कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात. वाहत्या नदीची घाण पुढे निघून तरी जाते. तळ्याचे पाणी जागच्या जागी असते, त्यामुळे जे आत गेले ते पुष्कळसे आतच राहते. जलपर्णीचे बी किंवा तुकडा एकदा अशा पाण्यात शिरला की पंधरवड्यात तिचा पसारा दुप्पट होऊ शकतो. मग ती काढायला गावाच्या पिढ्या खपतात.

रोगराईचे तर सांगायलाच नको. हगवण, कावीळ, जंत हे सारे त्या पेटीतूनच येतात. जांभ्याच्या मुलखात काठावर ओतलेले पाणी खालच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही.

परंतु नुसते पाहुण्याकडे बोट दाखवून भागणार नाही. तळ्याच्या वरच्या अंगाला आपली खाचरे असतील, तर युरिया व मिश्र खत टाकून लगेच मेर फोडल्यास तेच स्फुरद-नत्र तळ्यात जाते. खत टाकल्यावर चार दिवस खाचराचे पाणी अडवून धरा. त्याहून चांगले म्हणजे युरिया-डीएपीच्या गोळ्या वापरा. लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचली की खत पिकाला मिळते, वाहून जात नाही. गुरे धुणे, गोधड्या धुणे, गणपतीचे निर्माल्य या गोष्टीही तळ्यापासून दूर न्या. घरच्यांनी नियम पाळला की पाहुण्याला सांगताना आपली जीभ अडखळत नाही.

आता परदेशात काय करतात ते पाहू. कोकणातल्या घरातला मुलगा पूर्वी मुंबईला जायचा, आता काहींचे नातू अमेरिकेत आहेत. ते सुट्टीत अशीच गाडी भाड्याने घेऊन हिंडतात. तिथे लष्कराच्या अभियंता विभागाकडेच चारशेहून अधिक तलाव व नदीप्रकल्प आहेत, आणि त्यांच्या काठी लोकांसाठी उद्याने केलेली आहेत. त्यात एक प्रकार आहे दिवसापुरत्या जागेचा. सकाळी यावे, झाडाखालच्या बाकावर बसून शिदोरी खावी, मुलांना खेळवावे, गळ टाकावा, आणि ठरल्या वेळी काठ मोकळा करावा. रात्रीचा मुक्काम तिथे नाही. मुक्कामाची जागा निराळी, आणि गाडीच्या टाक्या रिकाम्या करण्याची जागा त्याहून निराळी. तिथे पक्के झाकण असलेले तोंड असते, त्यात नळी लावून घाण सोडायची आणि जागा धुऊन निघायचे.

पैसे घ्यायला पुष्कळ ठिकाणी माणूसही नसतो. लोखंडी नळकांड्याची पेटी असते. पाकिटात पैसे घालून ते फटीतून टाकायचे आणि पावतीचा तुकडा फाडून गाडीच्या काचेवर ठेवायचा. अप्रामाणिक लोक तिकडेही असतात, म्हणून अधूनमधून तपासनीस फिरतो आणि दंड करतो. त्यांची श्रीमंती आपल्याला नको, पण ही तीन जागांची वाटणी मात्र घेण्याजोगी आहे: दिवसा बसण्याची जागा तळ्याकाठी, रात्री राहण्याची जागा तळ्यापासून दूर, आणि घाण टाकण्याची जागा ठरवून दिलेली.

आपल्या गावात हे कसे बसवता येईल? माझ्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बांधाची. मातीच्या बांधावर कोणतीही जड गाडी चढू देऊ नये. चाकांच्या चाकोऱ्या पडतात, त्यांत पावसाचे पाणी साचते, आणि तिथूनच बांधाला भगदाड पडायला सुरुवात होते. बांधाच्या दोन्ही तोंडांना चार-चार जांभ्याचे चिरे पुरले की काम भागते.

दुसरी गोष्ट जागेची. गाडीसाठी अंगण किंवा पडीक कातळ निवडावा. गाडी वळायला जागा हवी आणि जमीन टणक हवी. भातखाचरात गाडी घालू देऊ नका. रुतली तर ट्रॅक्टर लागेल आणि खाचराची ढेकळे होतील. वाटेवर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि आडव्या फांद्या आधी पाहून ठेवा, कारण अशी गाडी दहा फूट उंच असू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे, माडाखाली गाडी लावू देऊ नका. शहरातल्या माणसाला माडाची सावली फार गोड वाटते, पण वरून नारळ पडला की टप फुटेल, आणि माणूस असला तर डोके. आंबा, फणस किंवा काजूची सावली बरी. उतारावर चाकामागे दगड लावायला सांगा.

तिसरी गोष्ट साबणाच्या पाण्याची. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल शोषखड्डा खणा. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड, वर जाड वाळू भरा. विहिरीपासून तो निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. जांभा सच्छिद्र असल्याने याहून लांब गेलात तर उत्तमच. साबण थोडा असेल तर हे पाणी चर काढून केळीला आणि अळवाला देता येते.

चौथी गोष्ट संडासाच्या पेटीची. घरी चांगला पक्का संडास असेल, तर पाहुण्यांना तोच वापरायला द्यावा आणि गाडीतला बंद ठेवायला सांगावे. हा सगळ्यांत सोपा उपाय. पेटी रिकामी करायचीच झाली तर ती सेप्टिक टाकीतच, भरपूर पाण्याबरोबर. एक खबरदारी मात्र घ्या. पेटीत वास मारण्यासाठी औषध घालतात. काही औषधांत फॉर्मालिनसारखे जंतुनाशक असते. ते गोबरगॅसच्या संयंत्रात गेले तर गॅस करणारे जंतू मरतील आणि तुमची चूल थंड पडेल. तेव्हा ही पेटी गोबरगॅसमध्ये कधीही ओतू देऊ नका, आणि शेणखताच्या खड्ड्यातही नको.

पाचवी गोष्ट विजेची. उघड्या तारा जोडून गाडीला वीज देऊ नये. तीन पिनांचे जाड वायरचे बटण, चांगले अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारी कळ, एवढे वायरमनकडून करून घ्यावे. पावसाळ्यात तर याला पर्यायच नाही.

सहावी गोष्ट पोहण्याची. तळ्यात उतरू नये असा फलकच लावावा. तळाशी गाळ असतो आणि काठ एकदम खोल होतो. शिवाय आपल्या भागात लेप्टोचा ताप आहे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरणे धोक्याचे, हे तुम्हाला भात लावणीत आरोग्य सेवक सांगतातच. पाहुण्यांना ते कोण सांगणार?

आता मिळकतीचे बोलू, कारण घरात चार पैसे येणार नसतील तर हे उपद्व्याप कशाला? समजा, एका रात्रीच्या जागेचे, पाण्याचे आणि विजेचे तुम्ही तीनशे रुपये घेतले. ते ठीक. पण खरी कमाई जागेच्या भाड्यात नाही. घरगाडीवाल्याकडे शेगडी असते, तरी तो कोकणात येऊन स्वतःच्या हातचे पिठले-भात खायला आलेला नसतो. सकाळी घावणे आणि खोबऱ्याची चटणी, दुपारी उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, ओल्या काजूगरांची उसळ आणि सोलकढी. जाताना आमसुले, उकडे तांदूळ, सुपारी, नारळ, घरचे लोणचे. यातला प्रत्येक जिन्नस तुमच्या परड्यातला आहे. दलाल नाही, हमाली नाही, तोलाई नाही. आणि हे पैसे घरातल्या बाईच्या हाती पडावेत, कारण कष्ट तिचे असतात. दर पाटीवर लिहून ठेवा. पाहुण्याचा चेहरा पाहून भाव सांगू नका. एकदा फसलेला पाहुणा दहा जणांना सांगतो.

ओढ असेल त्याला आसपासचेही दाखवा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पाहुणा दिवसभर असा हिंडला की तळ्यावरचा भारही हलका होतो आणि पैसा चार घरांत वाटला जातो.

देशावरच्या माझ्या वाचकांनाही एक शब्द सांगायचा आहे. ऊस गेला, द्राक्षाची छाटणी आटोपली की तुम्हीही टेम्पो किंवा जीप करून कोकणदर्शनाला निघता. गाडीत शेगडी, पातेली, तांदळाचे पोते. तुमची ती गाडी म्हणजेही घरगाडीच की! तळे दिसले की चूल मांडायचा मोह होतो. जरूर थांबा, शिदोरी खा. पण भांडी तळ्यात बुडवू नका. बादलीने पाणी काढून काठापासून शंभर पावले दूर नेऊन घासा. पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले गाडीतल्या पोत्यात भरून परत न्या. देवळाच्या आवारात सामिष शिजवू नका आणि मुक्कामाआधी विचारा. आपल्या विहिरीवर परक्याने येऊन पाय धुतले तर आपल्याला काय वाटेल, एवढे मनात आणले की पुरे.

शेवटी, हे सारे एकट्या घराने करून भागत नाही. आबांनी पाहुण्याला शोषखड्डा दाखवला आणि शेजाऱ्याने पैशाच्या लोभाने त्याला सरळ काठावर उभे केले, तर तळे वाचत नाही. म्हणून हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय घ्या. देवस्थानची मंडळी, ग्रामपंचायत आणि ज्यांची शेती-विहिरी तळ्याखाली आहेत ते शेतकरी, असे तिघे एकत्र बसा. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे, आणि त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती नुसती कागदावर असेल तर तिला या कामाला जुंपा. दिवसा कुठे बसायचे, रात्री कुठे राहायचे, घाण कुठे टाकायची आणि मोडणाऱ्याला काय दंड, एवढी चार वाक्ये ठरावात लिहा आणि मराठी-हिंदीत फलक लावा. जमा होणाऱ्या पैशातला काही भाग गाळ काढण्यासाठी आणि बांधाच्या डागडुजीसाठी बाजूला ठेवा.

आणि त्या सभेला बायकांना पुढे बसवा. आम्ही पुरुषमाणसे गाडी केवढी आणि भाडे किती यात गुंततो. पाणी कुठे जाणार, हे विचारायचे त्या वाडीत एका सुनेलाच सुचले. त्याचे उत्तर गावाने आधी तयार ठेवले, तर घरगाडी आली काय आणि मोठी बस आली काय, भिण्याचे कारण नाही. पाहुण्याचे स्वागत करा, त्याला पोटभर जेवू घाला, तळ्याचा वारा खाऊ द्या. काठ मात्र आपल्या नातवंडांचा आहे हे विसरू नका.

पुढील अंकी काजूच्या मोहोरावरील ढेकण्या आणि त्याचा बंदोबस्त यांविषयी बोलू. तोवर बागेत फेरी मारून नवी पालवी पाहून ठेवा.